डॉक्टरकाका होडी होतात

होडीला खोकला झाला तर काढा पाजता येत नाही, कारण तिचं तोंड नेमकं कुठलं यावर गावात दोन तट पडतात.

*

"गालगुंड घेत असाल तर आत्ता देते," आनंदीबाई म्हणाल्या.

*

दापोलीतल्या एका दवाखान्यातून हृदयाचा आलेख काढायचं नवंकोरं यंत्र दुरुस्तीला गेलं. ते बिघडलेलं नव्हतं.

*

ओल्या काजूची उसळ, घावणे, नारळाच्या वड्या, फणसाची भाजी, पुन्हा नारळाच्या वड्या.

*

पुस्तकातल्या माणसाला जिना लागत नाही. पान उलटलं की तो वर पोचलेला असतो.

*

माणसाला दोर बांधायचा झाला तर आधी त्याच्या पोटाला पंचा गुंडाळावा.

*

हे सगळं एकाच माणसाचं आहे. ते त्याच्या छातीत पहिल्यांदा दुखलं तिथून सांगायला हवं.

माणूस म्हणजे डॉ. श्रीपती मायदेव. गाव कांदळी बंदर, आंजर्ल्याच्या अलीकडे खाडीला बिलगून बसलेलं. डॉक्टरांचा दवाखाना आणि घर खाली पाण्याशी, मोटारीचा रस्ता वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, आणि दोन्हींच्या मध्ये पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उभी वाट. डॉक्टरांचा सगळा जन्म ही पाखाडी चढण्याउतरण्यात गेला होता, तोही बहुतेक वेळा खांद्यावर सायकल घेऊन.

त्या सकाळी अर्ध्या वाटेवर त्यांच्या छातीवर कुणीतरी पाटा आणून ठेवला. म्हणजे कुणी ठेवला नाही, पण वजन पाट्याचंच होतं. डॉक्टर एका पायरीवर टेकले, सायकल शेजारी आडवी केली आणि स्वतःची विचारपूस सुरू केली. कळ डाव्या हातात जाते का? जाते. घाम? आलाय. बसल्यावर कमी होतं? होतंय हळूहळू. इतकी सरळ उत्तरं देणारा पेशंट त्यांना बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता, त्यामुळे निदान चटकन झालं. निदान वाईट होतं. हृदयाची एक तरी वाहिनी तुंबत आली होती. रत्नागिरीला मोठ्या हॉस्पिटलात जाऊन ती उघडून घ्यायला हवी होती, आणि तेही लवकर, नाहीतर पुढच्या वेळी पाटा उचलला जाणार नव्हता.

वरून हितेश बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन उतरत होता.

"काय डॉक्टरकाका, आज पाखाडीला तपासताय काय?"

"हितेश, माझ्या छातीत दुखतंय."

हितेश इतका हसला की त्याला पेटी खाली ठेवावी लागली.

"भारी होता हां," डोळे पुसत तो म्हणाला. "आईला सांगतो."

*

*चित्र. डॉक्टरकाका होडीच्या पोटाला नळी लावून ऐकत आहेत. होडीने डोळे मिटले आहेत.*

*

हितेशचा दोष नाही. दोष पुस्तकाचा.

आनंदीबाई गावच्या शाळेत शिकवायच्या तेव्हा त्यांनी मुलांसाठी एक गोष्ट लिहिली होती, 'डॉक्टरकाका आणि खोकणारी होडी'. गावातले डॉक्टर त्यांनी नावासकट उचलले आणि त्यात घातले. एका होडीला खोकला होतो, ती समुद्रावर जाईना, डॉक्टरकाका सायकलवरून येतात, तिच्या पोटाला नळी लावतात, आत अडकून बसलेल्या खेकड्याला गोड बोलून बाहेर काढतात, सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटतात आणि जाताना म्हणतात, "बरं वाटेल हं." एवढीच गोष्ट. पण ती मंडणगडपासून खाली रत्नागिरीपर्यंत घराघरांत गेली. मुलांनी तिची पानं चघळली, मग त्यांच्या मुलांनी चघळली.

गोष्ट एकदा अशी चघळून झाली की तिच्याबाहेर पडणं अवघड. नारळी पौर्णिमेच्या आधी बंदरावरच्या सगळ्या होड्या ओळीनं लागायच्या आणि डॉक्टर एकेकीच्या पोटाला नळी लावून "बरं वाटेल हं" म्हणत पुढं जायचे. पहिल्या वर्षी त्यांनी गंमत म्हणून केलं. दुसऱ्या वर्षी नको म्हणाले, तर बायका रडायला लागल्या. तिसऱ्या वर्षी त्यांना एका होडीच्या पोटात खरंच काहीतरी घरघरल्यासारखं वाटलं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

शिवाय चित्र. चित्रात डॉक्टरकाका गोल होते. खरे डॉक्टर गावात आले तेव्हा छत्रीसारखे होते, मिटलेल्या. गावाला हा फरक खटकला. मग या घरून घावणे, त्या घरून उसळ, वरच्या आळीतून वड्या, सणाला मोदक, सण नसताना मोदक, असं करत करत गावानं त्यांना चित्राबरहुकूम करून घेतलं. बायको होती तोवर ती निम्मं परत पाठवायची. ती गेल्यावर परत पाठवणारं कुणी उरलं नाही, आणि नाही म्हणणं डॉक्टरांना जमत नव्हतं. त्यांच्या त्या तुंबलेल्या वाहिनीत कुणी डोकावलं असतं तर निम्मं गाव तिथं बसलेलं सापडलं असतं.

आता या माणसाला आजारी पडायचं होतं.

*

त्यांनी बंदरावर जाऊन सांगितलं. लोक हसले. एकानं टाळी दिली. हितेशची आई गुणवंती मासळीची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. गोष्टीतली होडी तिच्या नवऱ्याची, त्यामुळे पुस्तकाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

"तुमी आजारी पडलाव असा कुठं लिवलेला नाय," ती म्हणाली.

"गुणवंती, लिहिलेलं नसलं तरी माणूस आजारी पडतो."

"माणूस पडतो. तुमी कसं पडणार?" मग तिनं बांगड्याचा कल्ला उघडून पाहावा तसं त्यांच्या तोंडाकडं जरा जास्त वेळ पाहिलं. "पन तुमच्या ओठांचा रंग मला बरा वाटत नाय. असा बांगडा मी गिऱ्हाइकाला देनार नाय."

रुग्णवाहिका बोलावून पाहिली. वर सड्यावर ती आली, चालक पाखाडीनं खाली उतरला, डॉक्टरांना पाहून हरखला, दोघांचा फोटो काढला, पेशंट कुठंय म्हणून विचारलं आणि कुणीतरी चेष्टा केली असणार असं म्हणून निघाला. जाताना म्हणाला, "काका, गाडी चढाला जरा खोकते. ऐकता का?" आवाज त्यानं मोबाइलवर धरून आणला होता, डॉक्टरांनी ऐकला. सवयच ती.

मग ते पाखाडीवर समुद्र बघण्याचं निमित्त करत, थांबत थांबत वर गेले आणि एसटीनं दापोलीला निघाले. दापोली येईपर्यंत गाडीतल्या निम्म्या लोकांनी त्यांना जिभा दाखवल्या. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता नाडी पुढं केली.

दापोलीत डॉ. विनीतचा दवाखाना. हुशार मुलगा, हृदयाचंच शिकून आलेला. त्यानं डॉक्टरांना वाकून नमस्कार केला.

"मी डॉक्टर झालो तो तुमच्यामुळं. लहानपणी आईच्या शिवणयंत्राला नळी लावायचो."

"छान. आता मला लाव."

विनीत हसला. डॉक्टर टेबलावर आडवे झाले, शर्टाची बटणं काढली आणि वाट पाहत राहिले. शेवटी वडीलधाऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून विनीतनं आलेख काढला. पट्टी बाहेर आली. दोघांनी पाहिली. डॉक्टरांनी मान डोलावली, कारण पट्टीवर त्यांच्या मनातलंच आलं होतं. विनीतनं कपाळाला आठ्या घातल्या.

"मशीन बिघडलं."

"मशीन बरं आहे."

"काका, हे मशीन सांगतंय की डॉक्टरकाका आजारी आहेत. म्हणजे बिघडलंच की. तुम्ही जरा ऐकून बघता का?"

त्याचा चेहरा इतका बापुडवाणा झाला होता की डॉक्टर उठले, उघड्या छातीनिशी यंत्राजवळ गेले, नळी लावली आणि ऐकलं. यंत्र ठणठणीत होतं.

"याला काही झालेलं नाही. मला झालंय."

"काका, पुरे झाली गंमत," विनीत म्हणाला आणि त्यांना पाय घसरू नये म्हणून दारापर्यंत हात धरून पोचवायला आला.

*

*चित्र नाही. या प्रसंगाचं चित्र कुणी काढलेलं नाही: म्हातारा माणूस एसटी स्टँडवर बसला आहे, जिभेखाली छातीदुखीची गोळी धरून, आणि समोर एक बाई आपल्या नातवाला सांगते आहे, बघ, ते बघ, पुस्तकातले.*

*

उपाय एकच उरला. पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांनाच गाठायचं.

आनंदीबाई आंजर्ल्यात राहत. नव्वदी उलटली होती, पण वाक्य चुकलं की अजून टोकायच्या. गुणवंती आंजर्ल्याला मासळी घेऊन जाणारच होती, ती म्हणाली मी पन येतंय, आणि हितेशनं दोघांना पिकअपमधून सोडलं. गुणवंतीनं टोपली पायरीवर ठेवली, बाईंच्या मांजरानं तिच्याशेजारी आसन मांडलं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "मला आजारी पाडा."

बाईंनी चष्मा पुसला. "का?"

"मी आजारी आहे म्हणून. तुम्ही लिहिल्याशिवाय कुणाला पटत नाही."

"काय झालंय?"

"हृदयविकार."

"नाही." बाईंनी चष्मा घातला. "हृदयविकार मुलांच्या गोष्टीत बसत नाही. मुलं घाबरतात. पडसं देते."

"पडशानं मला रत्नागिरीला कोण नेईल?"

"मग कांजिण्या. मुलांना ठिपके आवडतात."

"बाई, मला छातीतलं काहीतरी हवंय."

"गालगुंड घेत असाल तर आत्ता देते. गालगुंडात माणूस गोल दिसतो, चित्रही तेच चालेल."

डॉक्टर दमले होते. ते खुर्चीत मागं टेकले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण एका निवृत्त शिक्षिकेशी स्वतःच्या मरणावरून घासाघीस करतोय आणि हरतोय. "ताप तरी द्या," ते म्हणाले. "चांगला मोठा."

"ताप देईन. पण पुढच्या पानावर उतरवीन. शेवटी सगळं बरं झालं पाहिजे."

"मलाही तेच पाहिजे, बाई."

 बाईंनी डॉक्टरांकडं पाहिलं, म्हणजे पहिल्यांदाच त्यांच्या चित्राकडं न पाहता त्यांच्याकडं पाहिलं. "पण डॉक्टरच आजारी पडला," त्या जरा खाली आवाजात म्हणाल्या, "तर पोरांनी कुणाकडं बघायचं?"

गुणवंती इतका वेळ उंबऱ्यात बसून मांजरावर लक्ष ठेवून होती. ती तिथूनच म्हणाली, "बाई, होडी आजारी पडलेली चालते ना?"

"होडी चालते. होडीची भीती वाटत नाही."

"मग ह्यांना होडी करा."

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी डोळे मिटले. डॉक्टरांना वाटलं त्यांना डुलकी लागली.

"माणूस आजारी पडला हे मुलांना समजावून सांगावं लागतं," शेवटी बाई म्हणाल्या. "माणसाची होडी झाली हे नाही सांगावं लागत. फोन काढ गं."

गुणवंतीनं मोबाइल पुढं धरला. बाईंनी घसा साफ केला आणि वर्गात म्हणायच्या तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मग एके दिवशी डॉक्टरकाका होडी झाले. आणि ती होडी आजारी पडली."

गावाच्या ग्रुपवर ते वाक्य डॉक्टर घरी पोचायच्या आधी पोचलं.

*

कांदळी बंदरावर एक रीत आहे आणि ती पुस्तकापेक्षा जुनी आहे. होडी आजारी पडली, म्हणजे फळी गेली, पाणी घ्यायला लागली, की तिला ओढून काढायला प्रत्येक घरातून एक माणूस दोराला लागतो. होडी कुणाची ते विचारायचं नाही. काय झालं, कसं झालं, कुणाच्या चुकीनं झालं, हे ती वर आल्यावर. बोलणं बंद असलेले दोन भाऊही त्या वेळेपुरते एका दोराला असतात, फक्त एकमेकांकडं पाठ करून.

डॉक्टर आजारी आहेत म्हटल्यावर हसलेलं हे गाव होडी आजारी आहे म्हटल्यावर धावत आलं.

त्यांनी एक लहान होडकं दवाखान्याच्या दारात आणलं. त्यात गोधडी घालून तिच्यावर डॉक्टरांना निजवलं. पाखाडीच्या पायऱ्यांवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर गोल ओंडके. डॉक्टरांच्या पोटाला पंचा गुंडाळला, त्यावरून दोर घेऊन त्यांना होडक्याशी बांधलं. कुणीतरी होडक्याच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं आणि हात होता तसाच डॉक्टरांच्या कपाळालाही लावला. एका म्हाताऱ्या खलाशानं बोटांच्या पेरांनी त्यांच्या बरगड्या खालून वर वाजवत नेल्या, डावीकडं थांबला आणि गंभीरपणे म्हणाला, "फळी हितं गेलीय."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. त्यांना इतकं बरं वाटलं की रडू येईल की काय असं झालं.

"बोलू नको," म्हातारा म्हणाला. "होडी बोलत नाय."

पण गुणवंती म्हणाली, "ही बोलती. बाईंनी केलेली हाय."

मग ओढायला सुरुवात झाली. पुढं दोराला गाव, मागं रेटा द्यायला हितेश आणि आणखी काही जण, कडेनं मुलं ओंडके उचलून पुढं ठेवतायत. हैय्या म्हटलं की होडकं एक पायरी चढायचं, होऽ म्हटलं की थांबायचं. डॉक्टर आकाशाकडं तोंड करून पडले होते. ही पाखाडी त्यांना पायरीपायरीनं पाठ होती, पण वर आंब्याच्या फांद्या इतक्या दाट आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. कधी वर बघितलंच नव्हतं. खांद्यावर सायकल असायची.

अर्ध्या वाटेवर, त्या सकाळच्या पायरीजवळ, पाटा परत आला.

 कळ जिरवायची डॉक्टरांना सवय लागली होती, आधी त्यांनी तेच केलं. मग ते हळूच म्हणाले, "दुखतंय."

अख्खा दोर जागच्या जागी थांबला. पुढून मागं शब्द गेला, होडी करकरतेय, होडी करकरतेय. कुणी हसलं नाही. पाठ करून उभे असलेले ते दोन भाऊसुद्धा वळले. हितेशनं खांदा लावून होडकं तोलून धरलं आणि गुणवंतीनं डॉक्टरांच्याच शर्टाच्या खिशातून गोळी काढून त्यांच्या तोंडात दिली. गोळी लिमलेटची होती. मग तिनं दुसरा खिसा पाहिला आणि बरोबर ती दिली.

"सावकाश घ्या रे," ती वर बघून ओरडली. "घाय नाय कुनाला."

गाव उन्हात दोर धरून उभं राहिलं. डॉक्टरांचा श्वास खाली बसेपर्यंत कुणी एक पाऊल हललं नाही.

वर सड्यावर पिकअप उभी होती. होडक्यासकट त्यांना तिच्यात चढवलं.

*

*चित्र. रस्त्यावरून एक होडी चालली आहे. शेतातली गुरं मान वर करून बघत आहेत.*

*

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

"होडी हाय आमची," गुणवंती म्हणाली.

मुलीनं 'नातेवाईक' असं घातलं आणि आत पाठवलं.

आत डॉ. अक्षया म्हणून एक तरुण बाई होती. जालन्याकडची. तिकडं समुद्र नाही, होड्या नाहीत, आणि ते पुस्तकही तिकडं कधी पोचलेलं नव्हतं. तिला दिसला तो कपाळाला कुंकू लावलेला, पोटाला पंचा गुंडाळलेला एक घामेजलेला म्हातारा.

"काय होतंय, आजोबा?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. या वाक्याच्या पुढं काय म्हणायचं असतं ते त्यांना सुचेना. आयुष्यभर ते वाक्याच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. शेवटी तोंडातून जुनंच आलं, "तुम्हाला काय होतंय?"

"मला काही नाही. तुम्हाला."

"मला," डॉक्टर म्हणाले. थांबले. "मला पाखाडीवर दुखलं."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पाटा, हात, घाम. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण ते थांबले नाहीत. वड्या सांगितल्या, घावणे सांगितले, बायको निम्मं परत पाठवायची ते सांगितलं, सायकल किती जड आहे ते सांगितलं. अक्षयानं मध्ये तोडलं नाही. ऐकता ऐकता तिनं नळीची चकती त्यांच्या छातीवर टेकवली. डॉक्टर दचकले.

"थंड आहे का?"

"हो," डॉक्टर नवलानं म्हणाले. "फार थंड असते ही. मला कुणी बोललं नाही कधी."

वाहिनी त्याच दिवशी उघडली. बारीक जाळीची नळी आत बसवली. अक्षया बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात कांदळी बंदर बसलं होतं, मधोमध दोराचं वेटोळं ठेवून, आणि पहारेकरी होडकं बाहेर घ्या म्हणून पुन्हा पुन्हा विनवत होता.

"ठीक आहेत ते," अक्षया म्हणाली. "वेळेत आणलंत."

हितेश पुढं झाला. "खेकडा निघाला काय?"

अक्षयानं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्यामागच्या सगळ्या तोंडांकडं पाहिलं. दिवसभर उभी होती ती. वाद घालायचं त्राण नव्हतं.

"निघाला," ती म्हणाली.

"मोठा होता?"

"बऱ्यापैकी."

गावानं श्वास सोडला. कुणीतरी लिमलेटच्या गोळ्या वाटायला काढल्या, एक पहारेकऱ्याला दिली. आत खाटेवर डॉक्टर जागे होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस कण्हत होता आणि डॉक्टरांच्या ओठांवर "बरं वाटेल हं" आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि तसेच पडून राहिले, कारण नर्सनं हलू नका म्हणून सांगितलं होतं.

*

मंडणगडच्या डोंगरातले श्रीपती मायदेव खाडी ओलांडून कांदळी बंदरात पहिल्यांदा उतरले त्या दिवशी त्यांना बोट लागली होती, उलटीवर उलटी होत होती, आणि नुकतीच लग्न होऊन आलेल्या गुणवंतीनं धक्क्यावर त्यांचं डोकं धरलं होतं.